लाल गाडी मी पसंत केली

आमच्या नात्यात गाड्यांतलं फक्त मला कळतं, असं सगळ्यांचं मत होतं. आता माझंही नाही.

हे मत बनलं ते दाजींच्या जीपमुळं. एकदा कन्नडहून येताना जीप भयंकर आवाज करायला लागली. मी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणालो, "सायलेन्सर गेला." दाजींनी उतरून बघितलं, तर सायलेन्सर खरंच गेलेला होता. मागं रस्त्यावर पडलेला होता! (मागच्या सीटवरच्या सगळ्यांनी तो पडताना बघितला होता, पण आधी बोललो मी.) त्या दिवसापासून दाजी मला 'बाळासाहेब' म्हणायला लागले. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, मात्र 'बाळ्या'च म्हणत राहिली. तिला माणसांतलं कळतं.

ताईच्या एकुलत्या एक पोराचं, विशालचं, लग्न ठरलं. मुलगी पैठणची. ताईचं एकच म्हणणं होतं, "विशालचा परण्या उघड्या गाडीतून निघाला पाहिजे." लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो आमच्याकडचा परण्या. ताईच्या स्वतःच्या लग्नात दाजींचा परण्या बंद जीपमधून निघाला होता. अल्बममध्ये सगळे फोटो जीपच्या टपाचे आहेत. टपाखाली दाजी असावेत, असा अंदाज करायचा! ते दुःख ताईनं आजवर जपून ठेवलं होतं.

"भाड्यानं कशाला आणायची?" दाजी म्हणाले. "एक उघडी गाडी घेऊनच टाकू. पुढं लग्नसराईत लोकच भाड्यानं नेतील. बाळासाहेब, तुम्ही फक्त बघून हो म्हणा."

मी हो म्हणालो. (गाडी अजून बघायची होती, तरी म्हणालो.)

शहरात क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत कादरभाई नावाच्या एका वयस्कर गृहस्थांकडं अशी गाडी होती. लाल, लांबलचक, परदेशी बनावटीची, वर कापडी टप, तो मागं सारला की आभाळ उघडं. ताई तिला बघून नव्या सुनेला बघावं तशी हरखली. मी मात्र चेहरा आंबट केला. पसंत पडलेली वस्तू आंबट चेहऱ्यानंच बघायची असते, एवढं मला येतं.

"मियाँ," कादरभाई म्हणाले, "देखने के पैले एक बात बोलनी थी. ये गाडी ना, हल्लू..."

"कादरभाई, तुम रहने दो. गाडी खुद बोलेगी!"

मी घरून फ्रिजवरचं आंब्याचं चुंबक आणलं होतं. पत्रा अस्सल असेल तर चुंबक चिकटतं, एवढं मी कुठंतरी ऐकलं होतं. मी ते ऐटीत दारावर टेकवलं. आंबा सरळ खाली पडला. दुसऱ्या दारावर टेकवलं. तिथूनही पडला!

"अरे, चिकटंना की," ताई म्हणाली.

"ताई, जुना पत्रा लई जाड असतो. चुंबकाची ताकद पुरत नाही."

कादरभाईंना खोकल्याची उबळ आली. (दोन्ही दारं पुट्टीनं लिंपलेली होती, हे मला नंतर कळलं. त्यांना आधीपासून माहीत होतं.) मग मी गाडीखाली शिरलो. शिरलो आणि अडकलो! दाजींनी पाय धरून ओढून काढलं, तेव्हा कपाळावर काळ्या तेलाचा ठिपका पडलेला होता. "टिळा लागला, शकुन चांगला झाला," दाजी म्हणाले. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता, की आज आठवलं तरी मान खाली जाते.

शेवटी ट्रायल. आम्ही गाडी पैठण रोडला काढली. काय पळाली म्हणून सांगू! दाजींची टोपी उडाली, ताईचा पदर झेंड्यासारखा फडफडायला लागला, आणि गाडी गरम झाल्याचं दाखवणारा काटा जागचा हलला नाही.

"अब जरा हल्लू चला के भी..." मागच्या सीटवरून कादरभाई ओरडले.

"हल्लू तो बैल भी चलते, कादरभाई!"

"पण बाळ्या," ताई म्हणाली, "परण्याला हिला हळूच चालायचंय नव्हं?"

"ताई, जी घोड्यागत पळती, तिला चालायला काय होतंय?"

परत येऊन उतरल्यावर मी दाजींना बाजूला घेऊन म्हणालो, "माणूस सारखी खोड सांगायला बघतोय. म्हणजे त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय. घ्या!" आणि दाजींनी घेतली. ताईनं तिथंच बॉनेटला हळदकुंकू लावलं.

लग्न भर उन्हाळ्यात होतं. कन्नडहून पैठणपर्यंत गाडी अशी गेली, की मी वाटेत थांबून तीन ठिकाणी सगळ्यांना चहा पाजला. पैठणात जानवशावरून परण्या निघाला. विशाल पांढऱ्या शेरवानीत मागं उंच बसला, मी स्टिअरिंगवर, शेजारी ताई नव्या पैठणीत. ती सारखी मागं वळून पोराकडं बघत होती. पुढं बँड, बँडपुढं नाचणारे पाहुणे. चार पावलं चालायचं की थांबायचं, पुन्हा चार पावलं की पुन्हा थांबायचं. पहिल्याच गल्लीत काटा हलला. दुसऱ्या गल्लीत तो लाल रेघेवर जाऊन बसला आणि बॉनेटमधून पांढरा धूर निघाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"वा वा! धुराचं मशीन बसवलं काय? पोराच्या मामानं केलं वाटतं समदं!"

नाचणाऱ्यांना आणखी जोर चढला. मी हसून हात हलवला. (दुसरं काय करणार?) तेवढ्यात गाडी आचके देत बंद पडली.

मी कादरभाईंना फोन लावला.

"मियाँ, मैं वोइच तो बोल रा था! भागती तो हवा लगती, थंडी रैती. हल्लू चलाए तो उबलती. बरातवालों को मैं देताच नै. तुम बोलने किधर दिये?"

"अब क्या करू?"

"कुछ नक्को करो. झाकन को तो हातच नक्को..."

बॉनेट वर करून रेडिएटरचं झाकण मी तोवर उघडलं होतं. एका हातानं, वर उपरणं गुंडाळून. तांबडं, गढूळ, उकळतं पाणी कारंज्यासारखं वर गेलं! मी मागं उडी मारली म्हणून भाजलो नाही. पाणी वर जाऊन जरा निवलं आणि मग खाली आलं. निम्मं विशालच्या शेरवानीवर, निम्मं ताईच्या पैठणीवर.

बँड थांबला. सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. दाजी पहिल्यांदाच म्हणाले, "बाळ्या." ताई पदरावरचे तांबडे डाग बघत उभी होती. मला खरोखर तिथंच गाडीखाली शिरावंसं वाटलं, आणि या वेळी कुणी ओढून काढू नये असं वाटलं.

"विशालला माझ्या मोटरसायकलवर बसवू," कुणीतरी म्हणालं. "मुहूर्त जवळ आलाय."

"नाय," ताई म्हणाली. तिनं पदर खोचला. "माझ्या पोराचा परण्या उघड्या गाडीतनंच जाईल. गाडी ढकला. बाळ्या, मागं जा."

मी मागं गेलो. स्टिअरिंगवर दाजी बसले. बँड पुन्हा सुरू झाला आणि गाडी निघाली. आणि सांगायला लाज वाटते, पण इंजिन बंद ठेवून ढकलली, तर परण्याला तिच्याइतकी चांगली गाडी शोधून सापडणार नाही! गरम नाही, धूर नाही, नाचणाऱ्यांच्या बरोबर पावलावर चालणारी. ढकलणारे पाहुणे मधूनमधून नाचायला पुढं जात होते. मला मात्र कुणी पुढं येऊ दिलं नाही.

परण्याचा तो फोटो ताईनं मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. ऊन आहे, लाल गाडी आहे, डागाळलेल्या शेरवानीत विशाल हसतोय, स्टिअरिंगवर दाजी चांगले स्पष्ट दिसतायत. आणि गाडीच्या मागं, कंबरेत वाकलेला, शर्ट बाहेर आलेला एक माणूस आहे. त्याचं तोंड दिसत नाही, बाकी सगळं दिसतं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा बोट दाखवून विचारतोच, "हा ढकलणारा कोण हो?"

"तो व्हय?" ताई चहाचा कप पुढं करत सांगते. "त्यानं गाडी पसंत केली."