सायलेन्सरचा धूर आणि माहेरचा चमचा

गौरवग्रंथात तक्रार मांडू नये, असा संकेत आहे. संपादकांची क्षमा मागून मी तो मोडतो. प्रा. रतिलाल पटेल यांच्या घरी गेली कित्येक वर्षे मला पोह्यांबरोबर चमचा मिळालेला नाही. बाकी सगळ्यांना मिळतो. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही मिळालेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. मी मात्र हाताने खातो, मग हात धुवायला मोरीवर जातो आणि परत येतो तोवर चहावर साय धरलेली असते. या अन्यायाची दाद कोणत्या कार्यालयात मागावी हे कळेना, म्हणून सरांच्या अमृतमहोत्सवाचा मुहूर्त साधला. या चमच्यामागे एक मोटारगाडी आहे आणि ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

सरांची माझी पहिली भेट शहाद्याच्या आमच्या तंत्रनिकेतनात झाली. मी तिथे संभाषणकौशल्य शिकवायला नवा लागलो होतो. यंत्रांच्या त्या राज्यात माझा विषय कढीपत्त्यासारखा होता; प्रत्येक भाजीत हवा आणि प्रत्येकाने ताटाच्या कडेला काढून ठेवायचा. पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या अर्ध्या बाहीच्या शर्टातले एक उंच गृहस्थ आले, खुर्ची ओढून बसले आणि इंग्रजी मजकुराचा एक जाडजूड गठ्ठा माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "हे कलम वाचा. यात काय लिहायचं राहून गेलंय?"

"काय लिहिलंय ते सांगू शकेन," मी म्हणालो.

"ते सगळेच वाचतात हो!"

तो गठ्ठा म्हणजे जगातल्या सर्वांत वरच्या दर्जाच्या मोटार शर्यतींचे नियमपुस्तक होते. माणूस कळसाडीच्या कापूस-उसाच्या घरातला. भाऊ शेती बघतात आणि भावकीत सरांची ओळख "ट्रॅक्टर चालवायचा सोडून त्याचा धूर बघत बसणारा" अशी. शिकवायचे इंजिन, पण जीव अडकलेला त्या शर्यतीतल्या गाड्यांत, आणि गाड्यांपेक्षाही त्यांच्या नियमांच्या फटींत.

त्या फटींची हकीकत सर बांधाच्या भांडणासारखी रंगवून सांगत. शर्यतीच्या गाडीला वळणावर जमिनीला चिकटून राहावे लागते. तिच्या बुडाखालची हवा मागून झपाट्याने बाहेर काढली, की गाडी आपोआप खाली ओढली जाते. मग कुणा हुशार माणसाला वाटले, इंजिनातून इतका गरम वायू फुकट बाहेर पडतो, तो त्या बुडाच्या मागच्या टोकालाच का सोडू नये? सोडला, आणि गाडी चिकटली. पण चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की धूर कमी होतो, आणि पाय तर वळणावरच उचलावा लागतो. तेव्हा त्यांनी पाय उचलल्यावरही इंजिन इंधन जाळत राहील अशी युक्ती केली. नियमवाले खवळले. त्यांनी फर्मान काढले, की सायलेन्सरचे तोंड उंचावर आणि वरच्याच दिशेला हवे. कारखानेवाले म्हणाले, जी हुजूर. तोंड वर केले आणि त्याच्या मागचा पत्राच असा गोलसर वाकवला, की वर निघालेला वायू पत्र्याला चिकटून घसरत पुन्हा बुडापाशी जावा.

"म्हणजे लबाडीच की," मी म्हणालो.

सर गंभीर झाले. "पळवाट आणि चोरी यांत फरक असतो. पळवाट उजेडात वापरता येते."

हे नुसते बोलणे नव्हते. प्रात्यक्षिकाची हजेरी फक्त सुरुवातीला घेतात हे हेरून एक विद्यार्थी सही करून रोज सिनेमाला जाई. सरांनी जाब विचारल्यावर त्याने सरळ कबूल केले, "सर, शेवटी हजेरी घ्यायची असं कुठं लिहिलंय?" सरांनी त्याला समोर उभे करून वर्गाला त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि त्या दिवसापासून हजेरी शेवटीही घेऊ लागले. शाबासकी आणि कुलूप एकाच हाताने.

निवृत्तीनंतर सर मानद मार्गदर्शक म्हणून येत आणि कार्यशाळेमागच्या शेडमध्ये मुलांकडून छोटी शर्यतीची गाडी बांधून घेत. देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत आदल्या वर्षी ती तपासणीतच बाद झाली होती. व्यवस्थापनाने सांगून टाकले, की यंदाही बाद झाली तर शेड दुचाकी लावायला जाईल. त्या वर्षीच्या संघाची प्रमुख होती सुमन, धडगावकडच्या डोंगरातली, घरी पावरी बोलणारी. सुटीत वसतिगृह बंद झाले, तेव्हा पटेलवहिनींनी तिला घरीच ठेवून घेतले. तिचे वडील आमचुराची पुरचुंडी घेऊन चौकशीला आले. सरांना पावरी येत नाही, वडिलांना मराठी बेताचेच. सरांनी त्यांना शेडमध्ये नेले, इंजिन सुरू करून दाखवले आणि दोघे बराच वेळ त्या आवाजात मजेत बसले. जाताना ते लेकीला काही बोलले. सुमनने सांगितले, "आबा म्हणतात, राहा इथंच."

यंदा सायलेन्सरची ती युक्ती करायची, असे मुलांनी ठरवले. स्पर्धेच्या नियमात एवढेच होते, की तोंड वर हवे. मागच्या पत्र्याबद्दल अक्षर नव्हते. कापसावर फवारणी करायच्या जुन्या पंपाची पितळी टाकी कापून मुलांनी तो गोलसर पत्रा मिळवला. आता वायू खरेच त्याला चिकटतो का, हे बघायचे कसे? मोठे कारखाने चमकणारा रंग फासतात. आमच्या मुलांनी मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेल्या नंदुरबारची मुले जे करतील तेच केले. मिरचीची पूड तेलात कालवून पत्र्याला लावली आणि इंजिन पूर्ण ताकदीने चालवले.

पुढचे सांगताना आजही माझा घसा धरतो. इमारत रिकामी झाली, प्राचार्य रुमालात तोंड घालून पळाले, मी फळ्याशी शिंकत राहिलो. पत्र्यावर मात्र लालभडक रेघा वरून खाली सुरेख वाकल्या होत्या. या प्रकारावर मी स्थानिक साप्ताहिकात 'धुराचे प्राध्यापक' असा लेख लिहिला. सरांनी तो शेडच्या भिंतीवर चिकटवला. फक्त जिथे मी "धूर" म्हटले होते तिथे "वायू" अशी दुरुस्ती करून.

स्पर्धेला मीही गेलो होतो. संघाबरोबर एक कायम शिक्षक लागतो आणि बाकीचे शिंकांतून सावरले नव्हते. तपासनीसांनी सायलेन्सरला कोनमापक लावला. तोंड वर. ठीक. मुख्य तपासनीस मंजुरीचे स्टिकर काढणार, तोच सर म्हणाले, "थांबा साहेब. आमचं एक सांगायचं राहिलंय."

सुमनने त्यांची बाही धरली. "सर, त्यांनी विचारलं नाही तर आपण का सांगायचं?"

"विचारलं नाही म्हणूनच." मग संतापले की सुटणारी अहिराणी सुटली, "आपन काय चोरी करी ऱ्हायनूत का? गाडी आपली शे. मी सांगसू!"

आणि सांगितले. पत्रा, वळण, वायू, सगळे. मी मनातल्या मनात शेडमध्ये दुचाक्या लावून मोकळा झालो.

"नियमाचा हेतू ठाऊक आहे ना तुम्हाला?" तपासनीसांनी विचारले.

"आहे. हेतू तुमचा, शब्दही तुमचेच. शब्द आम्ही पाळलेत. हेतूचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"आणि हे लाल काय?" म्हणत त्यांनी रेघेवरून बोट फिरवले आणि आम्ही ओरडायच्या आत त्याच बोटाने डोळा चोळला.

त्यांना नळाकडे धावत नेले. डोळा धुऊन होताच सरांनी डब्याच्या पिशवीतून चमचा काढला आणि त्याच चालू नळाखाली उपडा धरला. धार सरळ पडायची सोडून चमच्याच्या पाठीला चिकटली आणि वळून भलतीकडेच निघाली. "हे बघा. आमची एवढीच गुन्हेगारी." एका डोळ्याने तपासनीस बराच वेळ बघत राहिले. मग सहकाऱ्यांना घेऊन तंबूत गेले.

सुमन चाकाला टेकून बसली. सरांनी वहिनींच्या दशम्या पुढे केल्या, "खाई ले बेटा." तिने तोंड फिरवले. शेड, वर्षभराचे हात काळे करणे, डोंगर उतरून आलेले वडील, सगळे त्या तंबूत होते. सरांनी चमचा माझ्या हातात दिला आणि तेही दशमी न खाता बसून राहिले. तेव्हा मला कळले, की तेही घाबरले आहेत.

तपासनीस आले. "गाडी चालेल. या वर्षीपुरती." मुलांनी आरोळी ठोकली. ते थांबले नाहीत. "एका संघानं तुमच्या लाल डागांबद्दल सकाळीच तक्रार केली होती. तुम्ही काय करता ते आम्ही बघत होतो. लपवलं असतं, तर शर्यतीनंतर बाद केलं असतं."

सुमनने दशमी मागून घेतली. मी हातातली वस्तू खिशात टाकली आणि गाडीमागे धावलो.

गाडी पहिली आली नाही. पण शर्यत पूर्ण करून आली. सरांनी नंतर कबूल केले, की त्या वेगाला आमच्या युक्तीचा उपयोग चिमटीभरच होता. शेड वाचली. पुढच्या वर्षीच्या नियमपुस्तकात सायलेन्सरमागच्या पत्र्याबद्दल एक नवे कलम आले. मुलाचा निकाल वाचावा तशा आवाजात सरांनी ते मला वाचून दाखवले आणि म्हणाले, "ही आपली ओळ." आपली पळवाट बंद झाल्याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. सुमन आज वाहनांच्या चाचणीचे काम करते. "आता मी तपासणीच्या बाजूला आहे," ती परवा सरांना म्हणाली, "आणि सर, मला कोणी काही सांगत नाही हो!"

सरांना उदंड आयुष्य लाभो, असे म्हणायची पद्धत आहे. मी जरा नेमके मागतो. त्यांचे गुडघे शेडपर्यंत चालत राहोत, डोळ्यांना कलमांतले बारीक अक्षर दिसत राहो, आणि शंभरीच्या नियमात काही फट असलीच तर ती त्यांना सापडो. ते ती उजेडात वापरतील, याची हमी मी देतो.

राहिली माझी तक्रार. तो चमचा वहिनींच्या माहेरच्या संचातला, दांड्यावर त्यांच्या वडिलांचे नाव कोरलेला. त्या दिवसापासून तो माझ्या टेबलाच्या खणात होता. मी चमचा मागितला, की वहिनी एवढेच म्हणायच्या, "तुमना चमचा तुमनाजवळच शे ना, भाऊ!" परवा या ग्रंथाच्या बैठकीसाठी सरांकडे जमलो. पोहे आले. हात धुण्याच्या निमित्ताने मी आत गेलो, चमचा स्वच्छ घासला, पुसला आणि मांडणीवर त्याच्या भावंडांशेजारी ठेवला. बाहेर आलो आणि पोहे हातानेच खाल्ले.