लाल बस्ता, पांढरा बस्ता

आदिलाबादच्या एका सरकारी कार्यालयात गोपनीय शाखेचं कपाट जयवंताबाईंच्या ताब्यात होतं. सरकारी नोकरांवरच्या चौकश्यांच्या फाइली त्यात राहत. कुणी लाच घेतलेली, कुणी खोटी हजेरी मांडलेली, आणि कुणावर नुसताच कुणाचा तरी राग. किल्ली त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असे. आंघोळीलाही ती उतरत नसे.

तलमडुगूच्या कापूसवाल्या घरातली ही मुलगी शिकली, नोकरीला लागली, आणि हळूहळू माणसांपासून लांब गेली. ज्याची फाइल कपाटात, त्याच्याकडे बघताना आपला चेहराच काही बोलून जाईल, अशी त्यांना सारखी धास्ती. मग त्या लग्नाची बोलावणी टाळू लागल्या. व्हरांड्यात असा कुणी समोरून आला की वळून मागच्या दाराने जात. हळदीकुंकवाला एखादी म्हणायची, "या जयवंताबाई. आमचं काई निघालं का तुमच्या कपाटात?" बायका हसत. जयवंताबाई वाण घेऊन लवकर निघत.

चालू चौकश्या लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, म्हणजे लाल बस्त्यात, आणि निकाली पांढऱ्या बस्त्यात, असा कार्यालयाचा नियम. जयवंताबाईंनी त्यात आपली एक भर घातली होती. माणूस निर्दोष सुटला की त्या निकालाचा आदेश पांढऱ्या बस्त्यात ठेवत, पण मूळ फाइल वर्षभर लाल बस्त्यातच राहू देत. कुणी अपील केलं तर? वरून कागद मागवले आणि चटकन सापडले नाहीत तर? असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दोन हजार सोळाच्या दसऱ्याला जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. वांकिडी मंडल, म्हणजे तिकडचा तालुका, नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. हुकूम आला की चालू चौकश्या ज्या त्या जिल्ह्याला पाठवा, निकाली इथेच ठेवा. सगळी घाई. जयवंताबाईंनी लाल बस्ता सोडला, मंडलाप्रमाणे फाइली वाटल्या, लाखेची मोहोर लावून जीपमध्ये ठेवल्या.

दिवाळी झाल्यावर आदिलाबादलगतच्या मावल्यातल्या त्यांच्या घरी एक बाई आली. वांकिडीकडच्या डोमाजी पटवाऱ्याची बायको, प्रयागबाई. हातात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी.

"ताई, आमच्या मालकावर नव्या जिल्ह्यात चौकशी चालू हाय म्हंते. मांगच्या साली तं ते सुटले होते. आता रिटायर व्हाचे दिवस आले, आन् सायेब म्हंते, चौकशी हाय तोवर पेन्शन नाई. आदेशाची झेरॉक्स दाखवली, तं म्हंते झेरॉक्स कोणीबी काढते. दफ्तरात कागद पायजे."

डोमाजीची फाइल लाल बस्त्यातून चालू म्हणून आसिफाबादला गेली आणि सुटल्याचा आदेश पांढऱ्या बस्त्यात इथेच राहिला, हे जयवंताबाईंना त्याच क्षणी कळलं.

"मला काही सांगता येत नाही, प्रयागबाई."

"सांगू नोका. फकत मान हालवा. तुमच्याकडं हाय का नाई?"

जयवंताबाईंनी मान ताठ धरली, दुखेपर्यंत.

"काऊन एवढ्या दगडाच्या हो तुमी?" प्रयागबाई म्हणाली आणि पिशवी उचलून चालती झाली.

सकाळी कार्यालय उघडताच जयवंताबाईंनी पांढरा बस्ता सोडला. आदेश तिथेच होता. 'आरोप सिद्ध होत नाहीत.' तो हातात धरून त्या अधीक्षक सुधाकररावांच्या टेबलाशी गेल्या आणि सगळं सांगितलं. सुधाकररावांनी चष्मा काढून पुसला.

"यात काय मोठं हाय, बाई? आमी आदेश फाइलीसंगंच धाडला होता, तिकडं हरवला, म्हणून लिहू. ही दुसरी प्रत म्हणू. तिकडचं दफ्तर अजून गठ्ठ्यात बांधलेलं हाय. कोण पाहून राह्यलं?"

"मग तिकडच्या कारकुनावर चौकशी लागेल."

"लागली तं लागली. तो तुमचा काय सोयरा हाय?"

जयवंताबाईंना घरची लेक आठवली, तिची कॉलेजची फी आठवली, अजून उरलेली नोकरी आठवली. पण काही न चुकता ज्यांच्यावर फाइल उघडली गेली, अशा माणसांचे कागद त्यांनी आयुष्यभर बांधले होते; आता तो कारकूनही त्यांतलाच झाला असता.

"चूक माझी आहे, तसंच लिहिते," त्या म्हणाल्या.

"तुमच्यावर मेमो निघंल."

"निघू द्या. आदेश आजच पाठवा. साहेबांची सही मी घेते."

आपली चूक कबूल करणारं पत्र लिहून त्यांनी साहेबांची सही घेतली.

आदेश माणसाहाती आसिफाबादला गेला. तिथली चौकशी मिटली आणि डोमाजी हार घालून घेऊन निवृत्त झाला. प्रयागबाई नंतर एकदा बाजारात दिसली आणि तोंड फिरवून भाजी घेत राहिली. काय झालं, हे जयवंताबाईंना तिला तेव्हाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

मेमो आला. स्वतःवरची फाइल स्वतःच्या ताब्यात ठेवता येत नाही, म्हणून जयवंताबाईंनी गळ्यातला दोरा काढून किल्ली सुधाकररावांच्या टेबलावर ठेवली. दिवसभर हात सारखा गळ्याशी जात होता. चौकशी किती चालेल, तीत काय निघेल, कुणाला विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या व्हरांड्यातून येत होत्या. समोरून सुधाकरराव आले, काखेत एक नवी फाइल. जयवंताबाईंना पाहताच ते थबकले, खिसे चाचपल्यासारखं केलं, आणि वळून मागच्या दाराने निघून गेले.