दाजींची जर्मनी

माझ्या थोरल्या साडूंना जर्मनीबद्दल जेवढी माहिती होती, तेवढी कतारात दुसऱ्या कुणाला नव्हतीच, पण खुद्द जर्मनीतही ती कुणाला असेल असं मला वाटत नाही. माझी बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो, आणि हळूहळू दोह्याच्या नजमा भागातल्या आमच्या दुमजली इमारतीतले मल्याळी, पठाण, पॅलेस्टिनी असे सगळेच त्यांना 'मिस्टर दाजी' म्हणू लागले. समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पात ते इंजिनिअर होते, आणि त्यांच्याच खटपटीने मी सत्तरच्या दशकात तिथे ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो होतो. त्यामुळे त्यांची जर्मनी ऐकून घेणं हे माझं कर्तव्यच होतं. तरुणपणी मुंबईच्या एका कारखान्याने त्यांना ट्रेनिंगसाठी दोन वर्षं जर्मनीला पाठवलं होतं. तिथे एका विधवा बाईंच्या घरी ते खोली घेऊन राहिले. दाजी त्यांना 'आमच्या फ्राऊ' म्हणत. फ्राऊ म्हणजे नुसतंच 'बाई', हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी ते आडनाव समजत होतो.

फ्राऊंचे नियम दाजींनी जसेच्या तसे दोह्यात आणले होते. दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही. इमारतीसमोर रोज नवीन पाया खणला जात होता, सिमेंटचं मिक्सर घरघरत होतं, पण दाजी आमच्या पोरांना मात्र ओठावर बोट ठेवून दाखवत. रविवारी ठोकाठोक करायची नाही, दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, हा फ्राऊंचा नियम त्यांनी इकडच्या सुट्टीप्रमाणे शुक्रवारी बसवून घेतला होता. दिवसातून दोनदा दहा दहा मिनिटं घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, हाही नियम. ऐन जुलैत, एसी जीव तोडून चालत असताना, दाजी घड्याळ हातात धरून खिडक्या उघडायचे आणि बाहेरची वाफ नि वाळू दहा मिनिटं आत येऊ द्यायचे. "घराने श्वास घ्यायला पाहिजे," असं म्हणायचे. घर श्वास घ्यायचं आणि आमचा बंद व्हायचा. आमच्याकडे चारला चहाला बोलावलं, तर ते पावणेचारला येऊन जिन्यात उभे राहत आणि चारला बेल वाजवत. मधल्या पंधरा मिनिटांत दार उघडलं, तर चक्क तोंड फिरवून ओळख नसल्यासारखे भिंतीकडे बघत.

जिन्यासाठी तर त्यांनी लाकडी पाटीच केली होती. ज्याच्या दाराला पाटी, त्याने तो आठवडा जिना झाडायचा आणि मग पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. वरच्या मजल्यावर एक पठाण ड्रायव्हर राहायचा. त्याच्या दाराला पाटी लागली तेव्हा त्याला वाटलं, बलदियाने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, घराला नंबर दिलाय. त्याने ती चार खिळे मारून पक्की केली. नियमाप्रमाणे आता पाळी कायम त्याची झाली, आणि जिना दोन महिने कुणीच झाडला नाही. दाजी रोज वाळू तुडवत वरखाली करायचे, पण झाडूला हात लावायचे नाहीत. "पाटी त्याच्याकडे आहे," एवढंच म्हणायचे. शेवटी ताईंनी, म्हणजे दाजींच्या बायकोने, एका सकाळी गुपचूप जिना झाडून काढला. दाजींना वाटलं, पठाण सुधारला.

ताई लग्नाआधी नाशिकला हायस्कुलात गणित शिकवत. दोह्यातल्या भारतीय शाळेला गणिताची शिक्षिका हवी होती, हे कळल्यावर त्यांनी अर्ज आणला, भरला आणि दाजींसमोर ठेवला. मी तिथे होतो. दाजींनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे तुझं. पण हे काही बरोबर नाही. जर्मनीसारखा पुढारलेला देश, तिथेसुद्धा बाई लग्नानंतर घर सांभाळते. घरच्या कामात खंड पडत असेल तर तिला नोकरी करता येत नाही. कायदाच आहे तसा."

"आपण कतारात राहतो," ताई म्हणाल्या.

"म्हणून काय कसंही वागायचं?"

दाजी वाईट नव्हते हो. ताईंना ताप आला, तर उशाशी बसून दर तासाला थर्मामीटर लावून वहीत आकडे लिहिणारा माणूस. पण जर्मनीचं नाव निघालं की त्यांच्यापुढे वाद संपायचा. ताईंनी अर्ज उचलला, घडी घातली आणि चहा टाकायला आत गेल्या.

दोनेक वर्षांनी आमच्या प्रकल्पात जर्मन कंपनीचं नवं युनिट बसणार असं ठरलं, आणि पाण्याची प्रयोगशाळा उभी करायला एक जर्मन तज्ज्ञ सहकुटुंब येणार असल्याची तार आली. दाजींना झोप लागेना. त्यांनी आठ दिवस आरशासमोर उभं राहून जर्मन स्वागतवाक्य पाठ केलं. मी गाडी काढली, दोघे विमानतळावर गेलो, अर्थात वेळेच्या आधी. प्रवासी बाहेर येऊ लागले. एक उंच, कापलेल्या केसांची, पँट घातलेली बाई हातात दोन जड पेट्या घेऊन पुढे आली, आणि तिच्या मागून एक दाढीवाला, खांद्यापर्यंत केस वाढलेला तरुण. त्याच्या छातीशी फडक्यात बांधलेलं तान्हं बाळ होतं. दाजी सरळ त्या तरुणासमोर उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि आपलं सगळं वाक्य एका दमात म्हणून हात पुढे केला. त्याने बाळाच्या डोक्यावरचा हात सोडवून दाजींचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत म्हणाला, "फार छान जर्मन बोलता. पण डॉक्टर ही आहे. मी फक्त घर सांभाळतो."

घरी आल्यावर दाजी मला म्हणाले, "काहीतरी घोटाळा आहे. हे लोक डेन्मार्कचे असणार."

मग त्यांचा तपास सुरू झाला. ऑफिसात पासपोर्टच्या नकला आल्या, त्यात देश जर्मनीच होता. पण एक नवीनच गोष्ट निघाली. नवऱ्याने लग्नात आपलं आडनाव सोडून बायकोचं लावलं होतं. दाजींनी तो कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "अरे, असं कसं असेल? टायपिस्टची चूक असेल का?" मी म्हटलं, असेल. खरं तर मलाही काही कळेनासं झालं होतं. इतकी वर्षं जी जर्मनी ऐकली ती खरी, की ही समोर फिरणारी? शुक्रवारी त्या जोडप्याने चारला कॉफीला बोलावलं म्हणून आम्ही चौघं गेलो. दाजींनी घड्याळ बघून बेल वाजवली. दाढीवाल्याने केस विंचरत दार उघडलं, "अरे, आलात पण?" म्हणाला. आत बाई भिंतीला खिळे ठोकत होती, गच्चीत दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती. कॉफी होईपर्यंत तो खुर्चीत बसून बाळाचं स्वेटर विणत होता. दोह्यात स्वेटर! माझी बायको आणि ताई त्याच्या टाक्यांकडे बघतच राहिल्या. दाजी मात्र छताकडे बघत होते.

शेवटी न राहवून दाजी त्याला म्हणाले, "माफ करा, पण तुमच्याकडे हे चालत नाही. शुक्रवारी... म्हणजे रविवारी, कपडे वाळत घालत नाहीत."

तो हसला. "माझी आजी असंच म्हणायची."

मग हळूहळू त्याच्याकडून कळलं की तोही गावाकडे शिक्षक आहे, गणिताचा, आणि बायकोच्या कामासाठी रजा घेऊन आलाय. हे ऐकल्यावर ताईंचं इंग्रजी एकदम मोकळं झालं. त्यानंतर बाळाला घेऊन तो भाजीबाजारात जायचा तेव्हा ताईंनाही गाडीतून न्यायचा. भाव ठरवायच्या ताई, पिशव्या धरायचा तो. "शुक्रन, शुक्रन" असे अरबीत आभार मानत दोघं सगळ्या बाजारातून फिरायचे. एकदा त्याने विचारलं, "तुम्ही शिकवत का नाही?"

ताईंनी जे खरं होतं ते सांगितलं. "जर्मनीत चालत नाही म्हणून."

त्याने म्हणे गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. "कुठल्या जर्मनीत?"

तो कायदा दोनेक वर्षांपूर्वीच बदलला, हे त्याने दाजींना समजावून सांगितलं. दाजींचा विश्वास बसला नाही. या पोराला काय माहीत, असं म्हणून त्यांनी थेट फ्राऊंनाच पत्र लिहिलं. सहा पानी. नवरे घरी बसतात का, पुरुष विणतात का, आडनावं बदलतात का, खरं काय ते तुम्हीच सांगा, असं विचारलं. दोह्यात पत्रं घरी येत नसत, पोस्टातल्या पेटीत येत. महिनाभर दाजी रोज कामावरून सुटले की मला पोस्टावर न्यायचे, पेटी उघडायचे, आत हात घालून चाचपायचे आणि "इन्शाल्ला उद्या" म्हणत परत गाडीत बसायचे.

उत्तर आलं त्या शुक्रवारी दाजींनी आम्हाला मुद्दाम बोलावलं. आता निकाल लागणार होता. ते जर्मन वाचत आणि मराठीत सांगत. फ्राऊ सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, की हो, तरुण पुरुष बाबागाड्या ढकलतात, आधी मी हसायचे, आता सवय झाली. जिना झाडायला आता एक तुर्की बाई येते, तिचं कुटुंब वरच्या मजल्यावरच राहतं, ती मला वांग्याची भाजी आणून देते. आणि तुला सांगायचं राहिलं, पाच वर्षांपासून माझ्या घरी एक गृहस्थ राहतात, ट्रामचे निवृत्त ड्रायव्हर. आम्ही लग्न केलेलं नाही, कारण लग्न केलं तर माझी विधवेची पेन्शन बंद होईल. सकाळची कॉफी तेच करतात.

दाजी थांबले. त्यांनी ते वाक्य पुन्हा मनात वाचलं, बोट ठेवून. माझी बायको पदर तोंडाशी धरून बसली होती. मग दाजींनी पान उलटलं, पण पुढच्या चार ओळी मनातच वाचल्या.

"पुढे काय आहे?" ताईंनी विचारलं.

"हवापाण्याचं आहे," असं म्हणून त्यांनी पत्राची घडी घातली.

तेव्हा ताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, मी शाळेत जाऊन मुलाखत देऊन आले. मला घेतलंय. शनिवारपासून जायचंय."

दाजींनी मान वर केली. मला वाटलं आता जर्मनी निघणार. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण हातातल्या पत्राकडे बघितलं आणि नुसतंच विचारलं, "मुलं दुपारी येतील तेव्हा?"

"तुमची पाळी दोनला संपते ना?"

"हो," दाजी म्हणाले. "दोनला संपते." आणि जणू ही बातमी त्यांनाच नवीन असल्यासारखे विचारात पडले.

पत्रातलं 'हवापाणी' मला त्यांनी आठवड्याने कामावर जाताना सांगितलं. रस्त्याकडे बघत, सलग. फ्राऊंनी लिहिलं होतं, की पहिल्या हिवाळ्यात तू तुझ्या खोलीत रडायचास ते मला भिंतीतून ऐकू यायचं. संध्याकाळनंतर भाडेकरूच्या दारावर टकटक करायची नाही, हा माझाच नियम होता. मी करायला हवी होती.

"अरे, बावीस वर्षांचा होतो मी," दाजी म्हणाले. "भाषा येत नव्हती. बाहेर बर्फ. नियम पाळले की बाई 'गुट' म्हणायची, म्हणजे छान. दिवसभरात माझ्याशी बोललेला तेवढाच एक शब्द असायचा. मला वाटलं, ते सगळं त्या देशाचं आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "ते एकट्या बाईचं होतं रे. तीही एकटीच होती ना." मी गिअर बदलला.

ताई शाळेत जाऊ लागल्या आणि दाजी स्वयंपाकघरात शिरले. वरणभात त्यांना त्या दाढीवाल्याने शिकवला, हे मी शपथेवर सांगतो. तो ताईंकडून शिकला होता आणि त्याला दाजींहून बरा येत होता. दोघं कुकरसमोर उभे राहून शिट्ट्या मोजायचे, एक जर्मनमध्ये, एक मराठीत, आणि आकडे जुळायचे नाहीत. दीड वर्षाने ते जोडपं परत गेलं तेव्हा बाळ 'यल्ला', म्हणजे अरबीत 'चला', आणि 'आई गं' असे दोनच शब्द स्पष्ट बोलत होतं. दाजी त्यानंतर बरेच दिवस गोंधळल्यासारखे असायचे. "जर्मनीत..." अशी सुरुवात करायचे आणि मध्येच थांबून आमच्याकडे बघायचे, आम्हीच काही सांगू म्हणून.

ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव पडले, माणसं कमी होऊ लागली, आणि एका उन्हाळ्यात दाजींचं काँट्रॅक्ट संपलं. खलास. शाळेने मात्र ताईंना सोडलं नाही. दहावीचा वर्ग त्यांच्याकडे होता आणि मुख्याध्यापिका त्यांच्या हातापाया पडायच्या बाकी होत्या. ठरलं असं, की दाजींनी मुलांना घेऊन नाशिकला जायचं, त्यांची कॉलेजं बघायची, आणि ताईंनी ते वर्ष आमच्या घरी राहून पुरं करायचं. दाजींनीच ठरवलं. ताई दोनदा नको म्हणाल्या, तर म्हणाले, "पोरांची परीक्षा आहे. तू गेलीस तर त्यांना त्रिकोणमिती कोण शिकवेल?"

विमानतळावर ताई मुलांच्या कॉलरी नीट करत होत्या. दाजींनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. वाटलं, कागदपत्रांचं काही असेल. ते म्हणाले, "ती पेपर तपासायला बसली की जेवायचं विसरते. हाक मारत जा. एकदा मारून उपयोग नाही, दोनदा मार."

एवढं सांगून ते रांगेत जाऊन उभे राहिले. मागे वळून त्यांनी हात केला तो आम्हाला, की काचेत दिसणाऱ्या स्वतःलाच, ते मला कळलं नाही.

त्या वर्षभर जेवायच्या वेळी मी ताईंना हाक मारली. पहिल्या हाकेला त्या कधीच उठल्या नाहीत.