मॅलकीच्या मयताचा पाव

आमच्या शेजारची डेलिया जुन्या गोठ्यात आंबवलेल्या पिठाचा पाव करायला शिकवते. डब्लिनहून हौशी मंडळी येतात, कोपरापर्यंत पिठात बरबटतात आणि खुशीत परत जातात. तिचा नवरा मॅलकी मात्र त्या पावाला कधी शिवला नाही. "नासलेलं पीठ खपवतेस लोकांना," म्हणायचा आणि आपल्या न आंबवलेल्या, खायचा सोडा घातलेल्या पावावर जाड लोणी थापायचा.

तो गेला, तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याला घरातच पुढच्या खोलीत उघड्या शवपेटीत ठेवला. सगळं गाव भेटायला लोटलं. त्या गडबडीत शिकायला येणाऱ्यांना येऊ नका म्हणून कळवायचं राहूनच गेलं. सकाळी बघतो तर दारात डब्लिनची मंडळी, हातात ॲप्रन! आतली शवपेटी बघून त्यांच्यातली एक बाई पांढरीफटक पडली.

"माफ करा हं, आम्ही निघतो."

"निघता कुठं?" डेलिया म्हणाली. "फ्रीजमध्ये टोपल्यांत आंबत ठेवलेलं पीठ फुगून बाहेर आलंय. ते काय कुणाच्या मरणासाठी थांबतंय? आधी मॅलकीला भेटा, मग हात धुवा."

बिचाऱ्यांनी रांगेनं मॅलकीच्या हाताला हात लावला आणि मंडळी गोठ्यात गेली. दुपारी त्यांनी भाजलेले पाव आम्ही आल्यागेल्याला चहाबरोबर दिले.

मला काही ते पटलं नाही. "अगं, आज तरी त्याच्या आवडीचा सोड्याचा पाव करायचास," मी म्हटलं.

डेलियानं एक गरम पाव मॅलकीच्या उशाशी नेऊन कापला.

"जन्मभर नावं ठेवलीस ना? आता पड वास घेत," ती त्याला म्हणाली, आणि एका तुकड्यावर लोणी थापलं, अगदी त्याच्यासारखं जाड.