फेकलेलं लुगडं

"या पोट्टीच्या हाती माही सून देऊ काय? तुह्या मायले धाड आत!"

थोरली पाटलीण मागच्या दारात मला हे बोलली, तेव्हा माझ्या अंगावर सरकारी नर्सचं पांढरं पातळ होतं आणि हातात उकळलेल्या कात्र्यांची पेटी. मेहकरकडचं ते गाव माझंच. आम्ही बौद्ध होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तरी आमच्या वस्तीतल्या बाईला त्या घरात मागचंच दार. माझी आई सुईण. चाळीस वर्षं ती त्याच दारानं आत गेली होती.

मला सुनेच्या नवऱ्यानं बोलावलं होतं, म्हणून म्हातारीचं चाललं नाही. मी आत शिरले. आई मागोमाग निघाली, तर मी तिच्या नखांकडे बघून म्हणाले, "तू भाईरच बस. तुले काय समजते यातलं?"

पाटलिणीनं मला जे ऐकवलं, तेच मी आईला ऐकवलं. शिक्षणाची घमेंड, दुसरं काय.

मूल पायाळू होतं. पाय दिसले आणि माझं पुस्तक डोक्यातून उडालं. मी ओढायला लागले. आई उंबऱ्यातून ओरडली, "ओढू नको वं! त्याले त्याच्यानं येऊ दे!"

मी हात काढला. पोर आपसूक आली. रडली.

मग सुईणीला लुगडं द्यायची रीत. पाटलिणीनं जुनं लुगडं आणलं आणि विटाळ नको म्हणून लांबूनच फेकलं. आईनं पदर पसरून ते झेललं. दुसरं माझ्यासाठी होतं.

"पसर माय पदर," आई कुजबुजली. "रीत हाय."

"हातात द्या," मी पाटलिणीला म्हणाले. "नाही तं ठेवा तुमच्याजवळ."

"कालची पोट्टी मले शिकवून राह्यली! हिचे आजे-पंजे वाकले आमच्यापुढं!"

माझं अंग पेटलं. आईच्या पदरातलं लुगडं उचललं आणि पाटलिणीच्या उंबऱ्यावर ठेवलं.

वाटेत आई फाडफाड बोलली. "दोन बुकं शिकली न माही चाळीस वर्सं मातीत घातली. मी वाकली म्हनून तू शिकली, समजलं?"

मला ती आजवर नुसती भित्री वाटायची. माझ्या फीसाठी तिनं किती लुगडी झेलली, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तिच्या नखांकडे बघून बोलले त्याची लाज अजून जात नाही. लुगडं परत केलं त्याची मात्र मुळीच नाही.

आता निरोप आला की मी बाळंतिणीला टाकत नाही, पण पुढच्या दारानंच जाते. आई सोबत असते. ती हात धुते आणि माझ्या शेजारी बसते. कोणाला चालत नसेल तर त्यांनी आमच्या तोंडावर सांगावं. निघताना मी माझा पदर कमरेला घट्ट खोचते. आईचाही मीच खोचते. ती शिव्या देते.

देऊ दे. पदर सुटणार नाही.