पुढच्या सीटची चिठ्ठी

शोरूममधली गाडी नवीकोरी होती, स्टिअरिंगवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. आणि मी फरशीवर एक गुडघा टेकून, शिंप्याच्या टेपने पुढच्या डाव्या सीटची उंची मोजत होते. सेल्स मॅनेजर टाय सारखा करत शेजारी येऊन उभे राहिले.

"मॅडम, फीचर्स दाखवू का? सनरूफ आहे."

"सनरूफ राहू द्या. हे दार याहून जास्त उघडतं का?"

"नाही, एवढंच."

"पुरे आहे." मी वहीत आकडा लिहिला. जमिनीपासून सीट तेवीस इंच.

ज्यांना गाडी घ्यायची होती ते बाळासाहेब, नेकनूरच्या पुढच्या एका गावचे माजी सरपंच, हात मागे बांधून उभे होते. त्यांची नजर या गाडीवर नव्हती. पलीकडे काळी, धिप्पाड एसयूव्ही उभी होती, तिच्यावर होती.

"मॅडम, उंची अशी टेपनं न्हाई मोजायची," ते म्हणाले. "लांबून मोजायची असती. चौकातून मानसानं म्हनलं पायजे, आली बाळासाहेबांची गाडी."

खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या आई, गयाबाई, वॉकरवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "गाडी लांबून बगायला घ्यायलास का मला बसायला?"

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की घरात गाडीवरून वाद चालू आहे, बाबांना क्रॉसओव्हर हवी, आईला नको, तर आजीचं मत काय. आजीला इंजिनातलं काही कळत नाही. पण एक गाडी मी धंद्याचा भाग म्हणून निवडली होती. ती कशी निवडली आणि माझं कुठे चुकलं, ते सांगते.

मी बीडला पस्तीस वर्षं फिजिओथेरपी केली हे तुम्हांला ठाऊक आहे. हाड जोडणारा डॉक्टर वेगळा. जोडलेल्या हाडाला परत कामाला लावणं हे माझं काम. गयाबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन करून तिथे कृत्रिम सांधा बसवला. असा सांधा बसवल्यावर काही महिने एक नियम फार कडक असतो. बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, आणि अंग पिळता कामा नये. नाहीतर नवा सांधा जागेवरून सरकतो. म्हणून खाली बसणं नाही, खोल सोफा नाही, आणि उंच पायरी चढून अंग मुरडत आत शिरणं तर मुळीच नाही.

गयाबाई व्यायामात कधी कुचराई करत नसत. त्यांना घाई होती. गावापासून तीन कोसांवर, डोंगराच्या कुशीत त्यांची सीताफळाची बाग होती. झाडं त्यांनी स्वतः लावलेली. सीताफळाच्या खवल्यांमधल्या फटी पांढऱ्या-पिवळ्या दिसू लागल्या की त्याला डोळे उघडले म्हणतात, आणि तेव्हाच तोड करायची. पोरं आणि व्यापारी मिळून आधीच तोडून मोकळे होतात, अशी त्यांची तक्रार. "तोडीच्या आत मला बागंत न्या," एवढंच त्या मला दर खेपेला सांगत. जणू बाग माझ्या क्लिनिकच्या मागे होती.

एकदा बाळासाहेबांनी त्यांना कुणाकडून मागून आणलेल्या मोठ्या एसयूव्हीतून क्लिनिकला आणलं. मी खिडकीतून पाहिलं. दोघांनी बगलेत हात घालून त्यांना पोत्यासारखं उतरवलं. पदर सुटला, चप्पल आतच राहिली. आत आल्यावरही गयाबाई पदर सारखा करत राहिल्या. बाळासाहेब मात्र आनंदात होते. "अशीच घ्यायलोय मॅडम. पुढच्या हप्त्यात बुकिंग."

"बुकिंगच्या आधी मला शोरूमला न्या," मी म्हटलं.

तर अशी मी त्या फरशीवर पोचले.

आम्ही तीन गाड्या मोजल्या. आधी काळी एसयूव्ही. सीट एकतीस इंचांवर. गयाबाईंचा गुडघ्यामागचा खळगा जमिनीपासून साडेपंधरा इंच. म्हणजे त्यांना पावदानावर पाय ठेवून चढावंच लागणार, आणि चढताना गुडघा पोटाशी येणार. बाद. मग एक साधी, बसकी मोटार. सीट एकोणीस इंच, कागदावर ठीक. पण ती मागे कललेली आणि मऊ. बसलं की माणूस खड्ड्यात जातो आणि गुडघे वर येतात. शिवाय बागेच्या वाटेवर ओढा लागतो. तिथे हिचं पोट घासलं असतं. तीही बाद.

तिसरी क्रॉसओव्हर. सांगाडा साध्या मोटारीचा, पण जमिनीपासून उचललेला, आणि मागे वॅगनसारखी लांब डिकी. मी सीट पूर्ण मागे घेतली, पाठ जरा कलती केली आणि सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी अंथरली. हसू नका, लुगडं सीटच्या कापडाला धरतं, पिशवीवरून ते अलगद फिरतं. मग गयाबाईंना पाठमोरं उभं केलं.

"सीट पायांना मागून लागेपर्यंत मागे या. ऑपरेशनचा पाय पुढे ठेवा. हातावर भार द्या. आता बसा. आता दोन्ही पाय एकत्र आत."

त्या बसल्या. कुणाचाही हात न लागता. काचेतून समोर पाहिलं आणि म्हणाल्या, "बसले की गं मी."

सून सुनंदा तोवर डिकी उघडून पाहत होती. मागची सीट पाडली तर सीताफळाचे किती क्रेट मावतील ते तिने पदर पसरून मोजलं, आणि वॉकर घडी करून बाजूला बसतो का तेही. "ही बरी हाय," ती नवऱ्याला म्हणाली. बाळासाहेबांनी काळ्या गाडीकडे शेवटचं एकदा पाहिलं.

मी वहीत दोन गोष्टी विरुद्ध बाजूलाही लिहिल्या होत्या. पाचच माणसं बसतात. आणि छत मागे उतरत गेल्यामुळे मागचं दार बुटकं आणि अरुंद आहे. लिहिलं आणि पान उलटलं.

गाडी घरी गेली. पंधरा दिवसांनी बाळासाहेबांचा फोन.

"मॅडम, गाडी चुकली. आई बसंना."

"बसंना म्हणजे? शोरूममध्ये बसल्या होत्या."

"तितं बसली. हितं एकदा बसली, तवा लई कळ आली तिला. आता गाडीकडं बगत बी न्हाई. बाग तोडीला आलीय अन् ही घरातच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात गेले. गाडी कडुलिंबाखाली उभी होती. बॉनेटवर वाळलेला हार, खाली लिंबू-मिरची. गयाबाई ओसरीवर उंच खुर्चीत बसल्या होत्या, चेहरा भिंतीकडे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पेशंटला "जमतं का" असं विचारायचं नाही. "रोज करता तसं करून दाखवा" म्हणायचं. मी तेच म्हटलं.

गयाबाई वॉकर टेकत निघाल्या. सुनंदा पुढे झाली आणि, कुणी काही न सांगता, तिने मागचं दार उघडलं. गयाबाईंनी माझ्या शिकवणीप्रमाणे पाठ फिरवली. पण त्या दारात पाठमोरं बसायला जागाच नव्हती. चाकाची कमान आडवी येत होती. मग त्यांनी जीपमध्ये शिरतात तसा आधी पाय आत टाकला, छत चुकवायला मान खाली घातली, कमरेत वाकल्या, आणि गुडघा वर निघाला.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या घरातून दोन डोकी बाहेर आली.

त्यांना परत खुर्चीत बसवलं. सांधा जागेवर होता. मग मी विचारलं, "पुढच्या सीटवर का बसवत नाही? मी तीच मोजून दिली होती."

सुनंदाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने गाडीकडे.

"पुढं साहेब बसतेत," बाळासाहेब म्हणाले. साहेब म्हणजे केजकडचे त्यांचे नेते; लग्नकार्याला, सभेला याच गाडीतून जात.

"आज साहेब कुठे आहेत?"

"आज न्हाईत."

"मग आज पुढे कोण बसतं?"

बाळासाहेबांनी विचार केला. "आज कुनीच न्हाई. मोकळी असती."

मी गयाबाईंकडे वळले. मला वाटलं होतं त्या तरी माझ्या बाजूच्या असतील.

"मॅडम, तुमी शेरातल्या," त्या म्हणाल्या. "हितं म्हातारी पुढं दिसली की लोक गाडी थांबवून इचारतेत, कोन्त्या दवाखान्यात निघालाव? आमी बायकांनी कवा पुढं बसायचं? मी काय मरायला टेकले का?"

मी स्वतःही बावीस वर्षं मागेच बसले होते. तुमचे आजोबा गाडी चालवायचे, शेजारी तुमचे पणजोबा. पणजोबा गेल्यावरही कित्येक महिने मी सवयीने मागचंच दार उघडत होते. शेवटी एकदा आजोबा म्हणाले, "मी काय भाड्याचा ड्रायव्हर आहे का?" तेव्हा मी पुढे आले. आणि हीच मी शोरूममध्ये तेवीस इंच लिहून निर्धास्त झाले होते. गयाबाई कुठे बसतात, हे कुणालाच विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, मॅडम मापासाठी पुढे बसवतायत. मापं काय पुढे घेतली काय नि मागे.

समजावण्यात अर्थ नव्हता. समजावून गावाच्या नजरा बदलत नाहीत. मी पर्समधून लेटरहेड काढलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: "रुग्णाने गाडीत फक्त पुढच्या डाव्या सीटवर बसावे. मागे बसू नये. मुदत सहा महिने." खाली सही केली आणि पर्समधलाच शिक्का मारला.

गयाबाईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला. "शिक्का हाय का ह्याच्यावर?"

"हा काय."

"मग बसते. आता कुनी इचारलं तर कागद दावा. माजी हौस न्हाई म्हनावं, डॉक्टरचा हुकूम हाय."

बाळासाहेब हे ऐकून जरा हलके झाले. साहेबांना काय सांगायचं हा त्यांचाही प्रश्न सुटला होता.

त्याच दिवशी आम्ही बागेत गेलो. मी मागे, सुनंदाशेजारी, आणि मागचं छत खरंच खाली आहे हे डोक्याला दोनदा लागल्यावर पक्कं कळलं. ओढ्यात गाडी हलली, पण खाली घासली नाही. गयाबाई पुढे ताठ बसल्या होत्या, मांडीवर कागद. बाग आली तशी त्यांनी काच खाली केली.

"हळू घे. हे झाड बग. डोळं उघडल्यात. हे तोड. ते पल्याडचं? न्हाई, त्याला आट दिस दे. आन् ह्या बांदावरच्याला कुनी हात लावला रं आत्ताच?"

बाळासाहेब गाडी माणसाच्या चालीने चालवत होते आणि "व्हय आई, व्हय आई" म्हणत होते. चार महिन्यांत मी त्या बाईंचा आवाज इतका मोठा ऐकला नव्हता. खाली उतरायची त्यांना गरजही पडली नाही. अर्ध्या बागेची तोड त्यांनी सीटवरूनच मार्गी लावली.

पुढचं मला सुनंदाने फोनवर सांगितलं. एका लग्नाला जायला साहेब आले. नेहमीप्रमाणे त्यांचा हात पुढच्या दाराला गेला. आत गयाबाई. बाळासाहेबांना घाम फुटला. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मी दिलेला कागद त्यांनी बीडहून लॅमिनेट करून आणला होता आणि डॅशबोर्डवर चिकटवला होता. साहेबांनी खिशातून चष्मा काढला, दारात उभं राहून सगळा कागद वाचला.

"शिक्का बी हाय म्हना की," ते म्हणाले, आणि मागे जाऊन बसले. बसताना डोकं छताला लागलं. "पुढच्या टायमाला माजं बी माप घ्या म्हनावं मॅडमला."

सहा महिने संपायला आठवडा असताना गयाबाई क्लिनिकला आल्या. वॉकर केव्हाच गेला होता, हातात काठी, तीही शोभेपुरती. गाडीतून स्वतः उतरल्या. मी तपासलं. सांधा उत्तम, ताकद चांगली.

"आता नियम संपले," मी म्हटलं. "आता तुम्ही कुठेही बसू शकता. जरा सांभाळून मागेसुद्धा."

त्यांनी पिशवीतून तो लॅमिनेट केलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्याची तारीक वाढवून द्या."

"आता दुखत नाही ना?"

"दुखत कुटं हाय? पुढून वाट दिसती."

खोटं मेडिकल कारण मी पस्तीस वर्षांत कधी लिहिलं नाही. तेव्हाही लिहिलं नाही. नवा कागद घेतला: "रुग्णाची प्रकृती उत्तम. पुढची सीट रुग्णाच्या पसंतीची आहे. मुदत नाही." सही केली आणि शिक्का जरा ठळक मारला. तोही लॅमिनेट झाल्याचं नंतर कळलं.

तर माझं मत असं. क्रॉसओव्हर चांगली गाडी आहे. चढायला सोपी, खड्ड्यांना पुरेशी उंच, सामानाला लांब. फक्त मागचं छत बघून घ्या. पण टेप लावण्याआधी घरातलं कोण कुठे बसणार ते विचारा, आणि ज्याला विचारायचं राहून जातं त्याला आधी विचारा. उन्हाळ्यात मी तुमच्याकडे येणार आहे. माझा गुडघ्यामागचा खळगा जमिनीपासून साडेसोळा इंच, आजच मोजला. आणि मी पुढे बसते.