हिरवी कचरागाडी

येलहंक्याच्या पुढच्या एका छोट्या नगरपालिकेला कचऱ्याच्या ढकलगाड्या हव्या होत्या. टेंडरमध्ये शेवटी दोघेच उरलो, मी आणि माझ्याच वर्कशॉपमध्ये सहा वर्षं काम करून नुकतीच वेगळी झालेली एक मुलगी. टेंडर कसं भरायचं हे तिला मीच शिकवलं होतं.

नगरपालिकेच्या आवारात दोन्ही गाड्या उभ्या केल्या. माझी चकचकीत, जाड पत्र्याची. तिची साधी, हिरवी. तिथल्या इंजिनिअरने झाडलोट करणाऱ्या एका बाईंना दोन्ही चालवून बघायला सांगितलं. माझी ढकलताना त्यांचे खांदे वर चढले. तिची घेऊन त्या सहज वळल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "ही सरी, अगदी बरोबर आहे. हिचं हँडल आमच्या उंचीला आहे."

मी तिला हसत विचारलं, "हे कसं काय सुचलं तुला?"

"आठवडाभर पहाटे या अक्कांबरोबर फिरले, सर."

इतक्या वर्षांत मी एकदाही असा फिरलो नव्हतो. त्याची लाज वाटायला हवी होती, पण माझ्या पोटात दुखलं ते तिला सुचलं म्हणून.

काम तिलाच मिळालं. महिन्याभराने मी मुद्दाम त्या गावात गेलो. एखाद्या गाडीचं चाक निखळलेलं दिसावं, एवढीच इच्छा होती. पाच गाड्या दिसल्या, पाचही धड.

घरी बायकोने विचारलं, "कुठे गेला होतात?"

"व्हाइटफील्डला, एका गिऱ्हाइकाकडे," मी म्हणालो.